नाटककाराने शाळा का काढली? लेवोन शान्थ यांच्याविषयी

माझ्याकडे आलेला प्रश्न तीनपदरी आहे. लेवोन शान्थ हे आर्मेनियन नाटककार देश गेल्यावर बैरुतमध्ये शाळा चालवत बसले, ही लेखकाची शोकांतिका नाही का? शाळेतून त्यांना नेमकं काय साधलं? आणि परदेशातल्या आपल्या मराठी शाळांना त्यातून काही घेता येईल का?

माझं काम अभ्यासक्रम आणि शिक्षक-प्रशिक्षणाचं. परदेशात आठवड्याला एकदा भरणाऱ्या मराठी वर्गांसाठीही बरंच काम केलं आहे. त्यामुळे शान्थ मला आधी भेटले ते शिक्षक म्हणून, नाटकं मागाहून वाचली. उत्तरात हा कल दिसणारच.

पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. शान्थ बुडत्याने काडी धरावी तसे शिक्षणाकडे वळले, हा समज त्यांचं आयुष्य शेवटाकडून वाचल्यामुळे होतो. सुरुवातीपासून पाहिलं तर शिक्षणाचा धागा नाटकांच्या कितीतरी आधी दिसतो.

शान्थ यांचा जन्म १८६९ सालचा, इस्तंबूलचा. आईवडील लहानपणीच गेले. बॉस्फरसच्या आशियाई काठावरच्या उस्कुदारमध्ये आर्मेनियन शाळेत शिकले आणि १८८४मध्ये, म्हणजे पंधराव्या वर्षी, थेट एचमियाद्झिनला गेले. एचमियाद्झिन हे आर्मेनियन चर्चचं मुख्य पीठ. तिथल्या गेवोर्ग्यान विद्यालयात त्यांनी सात वर्षं काढली. पुढे संगीतकार म्हणून जगभर नाव झालेले कोमितास त्याच काळात तिथे शिकत होते.

हा प्रवास साधा वाटतो, पण त्यात पुढचं बरंच काही दडलेलं आहे. इस्तंबूलचा आर्मेनियन ऑटोमन साम्राज्यातला, त्याची भाषा पश्चिम आर्मेनियन. एचमियाद्झिन रशियन साम्राज्यात, तिथली भाषा पूर्व आर्मेनियन. उच्चार वेगळे, क्रियापदं चालवायची रीत वेगळी, साहित्याची परंपराही वेगळी. दोन्हीकडचे लोक एकमेकांना ओळखत, मानत आणि थोडं हसतही. कोवळ्या वयात दोन्ही बाजू अंगवळणी पडलेली माणसं मोजकीच होती. देश गेल्यानंतर दोन्हीकडचे निर्वासित एकाच वर्गात बसवायची वेळ आली, तेव्हा ही सवय कामी आली असणार.

१८९१मध्ये ते इस्तंबूलला परतले, पहिलं लेखन छापून आलं आणि थोड्याच दिवसांत ते जर्मनीला गेले. लाइपझिग, येना, म्युनिक इथे त्यांनी निसर्गविज्ञान, बालमानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, इतिहास आणि साहित्य असा अभ्यास केला. शिक्षणक्षेत्रातल्या माणसाचे कान या गावांच्या नावांनी टवकारतात. लाइपझिगला वुंट यांची मानसशास्त्राची प्रयोगशाळा होती. येनाला राइन यांचा शिक्षणशास्त्राचा वर्ग होता आणि युरोपभरातून लोक तिथे पाठ कसा घ्यावा हे शिकायला येत. नाटककार व्हायला निघालेला तरुण बालमानसशास्त्र शिकायला एवढी वर्षं घालवत नाही. शान्थ परतले ते शिक्षक होऊनच.

१८९९च्या सुमारास ते कॉकेशसमध्ये आले. तिफ्लिसमध्ये, म्हणजे आजच्या त्बिलिसीत, मुलींच्या गायान्यान शाळेत शिकवू लागले, पुढे येरेवानच्या धर्मप्रांतीय शाळेतही. तिफ्लिस तेव्हा आर्मेनियन बुद्धिजीवींचं मोठं केंद्र होतं. कवी होव्हानेस तुमान्यान यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर लेखकांची बैठक जमे. अवेतिक इसाहाक्यान, गाझारोस आघायान, देरेनिक देमिरच्यान, समीक्षक निकोल अघबाल्यान आणि शान्थ, सगळे तिथे. साहित्याच्या इतिहासात त्या बैठकीचा उल्लेख कौतुकाने होतो, पण तुमान्यान, शान्थ आणि स्तेपान लिसित्स्यान यांनी मिळून शाळकरी मुलांसाठी ‘लुसाबेर’ ही वाचनमाला तयार केली, ही गोष्ट तळटीपेत जाते. मला ती मुख्य मजकुरात हवी. एका भाषेतला सर्वांत लाडका कवी आणि पुढे तिचा सर्वांत गाजलेला नाटककार ठरणारा माणूस मिळून प्राथमिक वर्गाचं वाचनपुस्तक करायला बसतात, हे रोज घडत नाही.

आता ते गाजलेलं नाटक. ‘हिन अस्त्वाद्झ्नेर’, म्हणजे ‘जुने देव’. लिहिलं १९०८-०९च्या सुमारास, रंगभूमीवर येऊन गाजलं ते १९१३मध्ये. काळ नवव्या शतकाचा, जागा सेवान सरोवरातलं बेट. तिथे राजकन्या मारियमच्या आश्रयाने ८७४मध्ये मठ उभा राहिला, हा खरा इतिहास. (ते बेट आता बेट राहिलेलं नाही. सोव्हिएत काळात सरोवराचं पाणी वीस मीटरच्या आसपास उतरवलं गेलं आणि मठाची टेकडी किनाऱ्याला जोडली गेली.) नाटकात मठाधिपती चर्च बांधतो आहे. चर्चसाठी पैसा देणारी राजकन्या त्याची एकेकाळची प्रेयसी. एक तरुण भिक्षू वादळात बुडणाऱ्या मुलीला वाचवतो आणि त्यानंतर त्याच्या मनातला संन्यास डगमगू लागतो. जुने मूर्तिपूजक देव त्याला दिसू लागतात. शेवटी तो सरोवरात उडी घेतो.

धर्मपीठाला हे पचणं कठीणच होतं. जगातलं पहिलं ख्रिस्ती राष्ट्र म्हणवून घेणाऱ्या समाजाच्या रंगमंचावर वाहाग्न आणि अस्तघिक हे देव परत आले आणि तेही आकर्षक रूपात. भरपूर वाद झाला. माझ्या मते नाटकातला सगळ्यात धारदार भाग देवांचा नसून बांधकामाचा आहे. मठाधिपतीने मनातली पोकळी दगडाने भरायचं ठरवलं आहे. संस्था उभारणाऱ्या माणसाच्या आत काय चाललेलं असतं, याबद्दल इतक्या संशयाने लिहिणारा नाटककार पुढे स्वतः संस्था उभारायला निघतो. अशा माणसाकडून भाबडेपणाची अपेक्षा करू नये आणि तो भाबडा निघालाही नाही.

मधली वर्षं भराभर सांगतो. १९११च्या सुमारास शान्थ इस्तंबूलमध्ये शिकवत होते, पण २४ एप्रिल १९१५च्या रात्री ऑटोमन साम्राज्यातल्या आर्मेनियनांच्या संहाराची सुरुवात म्हणून आर्मेनियन लेखक, शिक्षक, वकील यांची धरपकड सुरू झाली तेव्हा ते शहरात नव्हते. म्हणून वाचले. दानिएल वारुझान वाचले नाहीत. वारुझान कवी होते, शिवाय इस्तंबूलच्या एका आर्मेनियन शाळेचे मुख्याध्यापक. लेखक आणि शिक्षक असं दुहेरी काम त्या समाजात सर्रास होतं, आणि म्हणूनच त्या रात्रीच्या यादीने दोन्ही पेशे एका फटक्यात उजाड केले.

१९१८च्या मे महिन्यात आर्मेनियाचं प्रजासत्ताक जन्माला आलं. शान्थ दाशनाक पक्षाचे, म्हणजे प्रजासत्ताकात सत्तेवर असलेल्या राष्ट्रवादी पक्षाचे. ते संसदेचे उपाध्यक्ष झाले, आणि १९२०च्या वसंतात मॉस्कोला वाटाघाटीला गेलेल्या शिष्टमंडळाचे प्रमुखही तेच. समोर सोव्हिएत परराष्ट्रमंत्री चिचेरिन होते. बोलणी झाली, करार झाला नाही. डिसेंबर १९२०मध्ये सत्ता बोल्शेविकांच्या हाती गेली. जुन्या राजवटीच्या लोकांची रवानगी येरेवानच्या तुरुंगात झाली, काही तिथेच मारले गेले. फेब्रुवारी १९२१च्या उठावाने तुरुंगाची दारं उघडली, त्यात शान्थही सुटले. उठाव फार टिकला नाही. मग इराण, तिथून पॅरिस, पुढे कैरो.

या टप्प्यावर दोन वाटा होत्या आणि त्या नीट पाहिल्याशिवाय तुमच्या पहिल्या प्रश्नाला न्याय मिळणार नाही. एक वाट सोव्हिएत आर्मेनियात परतण्याची. तिथे भाषा होती, शाळा होत्या, विद्यापीठ होतं, वाचक होता. प्रजासत्ताकाचे पहिले पंतप्रधान होव्हानेस काजाझ्नुनी परत गेले, १९३८मध्ये तुरुंगात मेले. इस्तंबूलची कादंबरीकार झाबेल येसायान १९३३मध्ये गेली. विद्यापीठात फ्रेंच साहित्य शिकवू लागली, १९३७मध्ये अटक झाली आणि ती कैदेतून परत आली नाही. कवी चारेंत्स तर तिथलाच, सोव्हिएत सत्तेचं स्वागत करणारा. तोही १९३७मध्ये तुरुंगातच वारला. घरी राहिले असते तर शान्थ आणखी दहा नाटकं लिहून गेले असते, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही नावं एकदा वाचावीत.

दुसरी वाट परदेशात राहून फक्त लिहीत राहण्याची. ती हागोप ओशागान यांनी जवळजवळ पूर्ण चालून दाखवली, आणि तेही शिकवता शिकवता. १९१५मध्ये इस्तंबूलमध्ये लपून राहिले, नंतर निसटले. सायप्रसच्या मेल्कोनियन विद्यालयात आणि पुढे जेरुसलेमच्या धर्मविद्यालयात त्यांनी शिकवलं, आणि पश्चिम आर्मेनियन साहित्याचा दहा खंडांचा इतिहास लिहून ठेवला. पण ‘म्नात्सोर्तात्स’ या त्यांच्या महाकादंबरीचा शेवटचा भाग, ज्यात प्रत्यक्ष संहार येणार होता, तो लिहिलाच गेला नाही. १९४८मध्ये ते अलेप्पोला वारले. वेळ शाळेने खाल्ला म्हणून तो भाग राहिला, असं मला वाटत नाही.

शान्थ यांनी निर्वासनात नाटकं लिहिली नाहीत, हेही खरं नाही. ‘पडलेल्या किल्ल्याची राजकन्या’ १९२०च्या दशकाच्या सुरुवातीचं आणि ‘ओशिन पायल’ १९३२मध्ये छापलेलं. एवढं खरं की त्यानंतरची जवळजवळ दोन दशकं शाळेच्या नावे गेली.

२८ मे १९२८ रोजी कैरोमध्ये ‘हामाझ्काइन’ ही शिक्षण आणि संस्कृतीची संघटना स्थापन झाली. तारीख मुद्दाम निवडलेली: प्रजासत्ताकाच्या घोषणेला त्या दिवशी दहा वर्षं पुरी होत होती. संस्थापकांची नावं पाहा. शान्थ, संसदेचे उपाध्यक्ष. निकोल अघबाल्यान, माजी शिक्षणमंत्री. येरेवान विद्यापीठ उभं राहिलं ते त्यांच्या कारकिर्दीत. हामो ओहान्जान्यान, माजी पंतप्रधान. नाट्यदिग्दर्शक गास्पार इपेक्यान. दोन वर्षांनी, १९३०च्या मार्चमध्ये, बैरुतच्या झुकाक अल-ब्लात भागात त्यांचं ‘जेमारान’ हे विद्यालय सुरू झालं आणि शान्थ मुख्याध्यापक झाले, ते १९५१मध्ये मृत्यू येईपर्यंत. पुढे त्या खुर्चीत बसले सिमोन व्रात्स्यान, प्रजासत्ताकाचे शेवटचे पंतप्रधान. म्हणजे एक बुडालेलं मंत्रिमंडळ शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसलं, असं म्हणायला हरकत नाही. निर्वासित सरकारं सहसा हॉटेलांत बसून निषेधखलिते लिहितात. यांनी हजेरीपट हातात घेतला.

बैरुतच का, याचं उत्तर भावनेत शोधू नये. १९२१-२२मध्ये फ्रेंचांनी किलिकिया, म्हणजे आजच्या दक्षिण तुर्कस्तानातला प्रदेश, सोडलं तेव्हा अदाना, मराश, ऐंताबकडचे हजारो आर्मेनियन सीरिया-लेबनॉनमध्ये उतरले. आधी बंदराजवळच्या छावण्यांत राहिले, मग बुर्ज हम्मूदची वस्ती उभी राहिली. तुर्कस्तानशी झालेल्या १९२३च्या लोझानच्या तहानंतर त्यांना लेबनॉनचं नागरिकत्व मिळालं, म्हणजे पायाखालची जमीन निदान कागदावर पक्की झाली. फ्रेंच अंमलाखालच्या लेबनॉनमध्ये प्रत्येक पंथाला आपली शाळा काढायची मुभा होती. पॅरिसमध्ये पैसा असेल, वर्तमानपत्रं असतील, पण तिथली सरकारी शाळा मुलाला दहा वर्षांत फ्रेंच करून सोडते. शाळा चालू शकेल अशी राज्यव्यवस्था बैरुतमध्ये होती, आणि शाळेत येतील अशी मुलंही.

मुलांची घरची भाषा मात्र हा पेच होता. किलिकियातल्या बऱ्याच शहरांत आर्मेनियन पिढ्यान् पिढ्या तुर्की बोलत आले होते. अनाथाश्रमातून आलेल्या पोरांना तर धड कुठलीच भाषा नव्हती. ज्या भाषेसाठी शाळा काढली, ती कित्येक विद्यार्थ्यांना शाळेतच पहिल्यांदा नीट शिकायची होती. वर फ्रेंच हवी, कारण परीक्षा आणि पुढचं शिक्षण तिच्यात. अरबी हवी, कारण बाजार आणि राज्य तिचं.

इथे शान्थ यांचा निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो. गरीब निर्वासितांसाठी अक्षरओळख आणि चार प्रार्थना पुरेत, असा विचार करणं सोपं होतं; चर्चच्या लहान शाळा ते काम करतही होत्या. त्यांनी वरच्या टोकाकडून सुरुवात केली. जेमारान ही माध्यमिक, धर्मनिरपेक्ष, दर्जाला घट्ट धरून असलेली शाळा होती. तिथून बाहेर पडणारा मुलगा इतर शाळांत शिक्षक, संपादक, लेखक व्हावा हा हिशेब होता. अघबाल्यान साहित्य शिकवत, आणि ज्यांनी त्यांच्या वर्गात बसून ऐकलं ते जन्मभर त्याबद्दल लिहीत राहिले. आधी शिक्षक घडवा, मग शाळा वाढवा हा क्रम शिक्षणशास्त्र शिकलेल्या माणसालाच सुचतो. निधी गोळा करणाऱ्याला उलटा क्रम सुचतो, कारण इमारतीचा फोटो काढता येतो.

हिशेब बरोबर निघाला का? दोन माणसं सांगतो. मुशेघ इश्खान, १९१४चा जन्म, निर्वासित पोर. सायप्रसच्या मेल्कोनियनमधून जेमारानमध्ये आला, शिकला, ब्रुसेल्सला जाऊन आला आणि मग अनेक दशकं तिथेच साहित्य शिकवत राहिला. पश्चिम आर्मेनियनचा मोठा कवी, शिवाय शाळांसाठी साहित्याच्या इतिहासाची पुस्तकं लिहिणारा. दुसरा आंद्रानिक झारुक्यान, १९१३चा, अलेप्पोच्या अनाथाश्रमांत वाढलेला, तोही जेमारानचा विद्यार्थी. त्याने अलेप्पोत ‘नाइरी’ नियतकालिक सुरू केलं आणि १९५५मध्ये अनाथाश्रमातल्या मुलांवर ‘बालपण नसलेली माणसं’ हे पुस्तक लिहिलं. शान्थ वाया गेले म्हणणाऱ्याने हे पुस्तकही त्यांच्या खात्यावर मांडावं, निदान अर्धं.

या चित्राची काळी बाजू वगळली तर ती भक्ती होईल. शाळा पक्षाच्या माणसांची होती. परागंदा समाज दाशनाक आणि दाशनाकविरोधी असा चिरफाळलेला होता आणि त्याच रेषेवर शाळा, क्लब, वर्तमानपत्रं, अगदी चर्चसुद्धा वाटली गेली. दुसऱ्या गटाची मुलं दुसऱ्या गटाच्या शाळेत. १९४६ ते १९४८ या काळात सोव्हिएत आर्मेनियाने परागंदांना परत बोलावलं आणि जगभरातून सुमारे नव्वद हजार लोक गेले, लेबनॉन-सीरियातून फार मोठ्या संख्येने. जायचं की थांबायचं यावरून कित्येक घरं दुभंगली.

शिवाय हिज्जांचा प्रश्न. १९२२मध्ये सोव्हिएत आर्मेनियाने शुद्धलेखन बदललं. बाहेरच्या शाळांनी जुनंच धरून ठेवलं, जेमाराननेही. तत्त्वाच्या बाजूने पाहिलं तर ते समजतं. मुलाच्या बाजूने पाहिलं, तर येरेवानमध्ये स्वस्तात छापलेलं बालसाहित्य आणि बैरुतमधला वर्ग यांच्यामध्ये एक भिंत उभी राहिली, त्यात पूर्व-पश्चिम बोलींचं अंतर वेगळंच. हा निर्णय मी घेतला असता का, असं विचाराल तर मी बहुधा घेतला नसता. पण ज्यांच्या हातून देश गेला त्यांना हिज्जे सोडायला सांगणंही सोपं नव्हे.

शाळा टिकली. लेबनॉनच्या यादवीच्या काळात तिला जुनी जागा सोडून १९८७मध्ये बैरुतच्या उत्तरेला, अंतेलियासजवळच्या मझहरला जावं लागलं. तिथे ती आजही आहे. पण २०१०मध्ये युनेस्कोने पश्चिम आर्मेनियनची नोंद धोक्यातल्या भाषांत केली. ऐंशी वर्षं शाळा चालवूनही भाषा धोक्यात येते, हे माझ्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने पचवायला हवं. शाळेने लेखक दिले, शिक्षक दिले. घराघरांतली बोली टिकवणं तिच्या एकटीच्या आवाक्यात नव्हतं. यादवीनंतर कुटुंबंच लॉस एंजेलिस, माँत्रेआल, पॅरिसला गेली.

भारतीय वाचकाला एक आठवण करून देतो. आर्मेनियन शिक्षणाचा हा परदेशी इतिहास बैरुतच्या आधी आपल्याकडेही घडला आहे. आर्मेनियन भाषेतलं पहिलं नियतकालिक १७९४मध्ये मद्रासला निघालं. कलकत्त्यात १८२१पासून आर्मेनियन कॉलेज आहे. मेस्रोप ताघिआद्यान हे लेखक १८४०च्या दशकात कलकत्त्यात नियतकालिक आणि शाळा, दोन्ही एकाच वेळी चालवत होते. मुंबईच्या फोर्टमध्येही आर्मेनियन चर्च आहे, अठराव्या शतकाच्या अखेरचं. पण ती व्यापाऱ्यांची वस्ती होती. परतायला घर असलेल्यांची शाळा आणि घर पुसलं गेलेल्यांची शाळा यांत फरक पडतो.

नेमक्या याच कारणाने तिसऱ्या प्रश्नाला मी बेताने उत्तर देतो. सिडनी किंवा न्यू जर्सीतली मराठी शाळा ही जेमारानची बहीण नाही. मराठीच्या मागे राज्य आहे, विद्यापीठं आहेत, रोज निघणारी वर्तमानपत्रं आहेत. तिथल्या मुलाला मराठी आली नाही तर मुलाचं नुकसान होईल, मराठी मरणार नाही. भाषा वाचवण्याचं ओझं अशा आठवडी वर्गाच्या खांद्यावर टाकू नये. मुलं ते ओझं ओळखतात आणि पळतात.

तरी दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. पहिली, आपले लेखक पाठ्यपुस्तकापासून सोवळे राहतात. परदेशात वाढणाऱ्या दहा वर्षांच्या मुलासाठी, ज्याला मराठी समजते पण वाचायला जड जाते, त्याच्या वयाला शोभेल असा आणि तरी सोप्या वाक्यांतला मजकूर मिळत नाही. असतं ते एकतर बालवाडीचं किंवा महाराष्ट्रातल्या मुलाच्या बेताचं. तुमान्यान आणि शान्थ यांनी ज्या जागी बसून काम केलं, ती जागा आपल्याकडे रिकामी आहे. दुसरी गोष्ट वरच्या टोकाची. आपले वर्ग पाच-सहा वर्षांच्या मुलांनी भरतात आणि बाराव्या-तेराव्या वर्षी ओस पडतात, कारण पुढे शिकवण्यासारखं काही आखलेलंच नसतं. मला कुणी सल्ला विचारला तर मी सांगतो, बालवर्गाची तिसरी तुकडी काढण्याआधी सोळा वर्षांच्या पाच मुलांचा एक वर्ग काढा. त्यांना नाटक वाचायला द्या, वाद घालू द्या आणि पुढच्या वर्षी त्यांच्यातल्याच दोघांना लहानांचा वर्ग घ्यायला बसवा. खर्च फारसा नाही. अडचण एवढीच की तो वर्ग घेणारा माणूस चांगला तयार असावा लागतो, आणि तो सुट्टीच्या दिवशी सकाळी मिळवणं सर्वांत कठीण.